चढावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही

मुकुंदा, तू गेल्यापासून एकच प्रश्न घेऊन मी फिरत होतो, आणि ज्याला विचारायचा तो नेमका तूच जागेवर नव्हतास. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू अर्ध्या चढावरून मागे का फिरलास? मी विचारलं तेव्हा "दम लागला" एवढंच म्हणालास. नुसता दम होता की छातीत काही होत होतं? होत होतं तर मला हाक का नाही मारलीस? आणि काहीच होत नव्हतं, तर मग दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या तू असा कसा निघून गेलास? तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतोय. दिलेल्या माहितीवरून उत्तर काढा, असं पोरांना सांगतो. आता मला उत्तर मिळालंय, पण ते मिळाल्यापासून माझा घोळ आणखीच वाढलाय. म्हणून लिहायला बसलो.

प्रश्न माझ्यापुरता असता तर मी तो गिळून टाकला असता. पण तुझ्या घरी लताताई विचारत होत्या. नदीवर राजघाटावरून दहाव्याचं आटोपून आलो तेव्हा विचारलं, तेराव्याला पंगत उठल्यावर विचारलं, त्यानंतर मी चार दिवसांनी सहज डोकावलो तेव्हा परत तेच. "मास्तर, त्या दिवशी डोंगरावर ते चांगले होते ना? तुमच्यासमोर काही बोलले होते काय?" मी म्हणायचो, चांगला होता ताई, एकदम चांगला. तू वर आला नाहीस हे फक्त मला ठाऊक होतं. आणि परत येताना तूच बजावलं होतंस, "घरी नको सांगू यार मास्तर, मी वर नाही आलो म्हणून." आता गेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा, की त्याच्या बायकोला खरं सांगायचं? हे ठरवायचं ओझं तू माझ्या डोक्यावर ठेवून गेलास. तुझी ही जुनीच सवय होती. अवघड नट दिसला की दुसऱ्याच्या हातात पाना द्यायचा.

आपण साडू. साडू म्हटलं की लोक आधीच गालात हसतात, दोन जावई म्हणजे दोन मांजरं असं त्यांना वाटतं. मलाही तुझ्याबद्दल पहिल्यांदा तेच वाटलं होतं. माझं सुनीताशी लग्न ठरलं तेव्हा जसोंडीला सासऱ्यांच्या घरी गेलो, तर थोरले जावई कुठे आहेत म्हटल्यावर सगळे केळीच्या बागेकडे बोट दाखवायला लागले. तू सणाचा झब्बा घालून विहिरीवरची मोटार उघडून बसला होतास. हात कोपरापर्यंत काळे. मला पाहून उठला नाहीस, नमस्कार नाही, "मास्तर ना तुम्ही? हे धरा जरा," म्हणून चार नट माझ्या तळहातावर ठेवलेस. मी तासभर ते नट धरून उभा. मोटार सुरू झाली, पाणी धो धो पडलं आणि तू म्हणालास, "चला, आता जेवू, आता आपली किंमत वाढली." तेव्हापासून तू मला मास्तर आणि मी तुला मुकुंदा. अरे-तुरे कधी सुरू झालं ते आठवत नाही.

बुधवारा पेठेतल्या तुझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी शाळा सुटल्यावर किती बसलो असेन. शेतकरी पंपाची मोटार घेऊन यायचे, बंद पडली म्हणून. तू ती लगेच उघडायचा नाहीस. आधी करंट द्यायचास, मोठ्या पेचकसाचं, स्क्रू ड्रायव्हरचं, टोक मोटारीला लावायचास आणि मूठ कानाला. डोळे मिटून ऐकायचास. "बेअरिंग बोलून राहिली," म्हणायचास, किंवा "नाही, आतून चांगली आहे, वायरिंगचं आहे." आणि तसंच निघायचं. एकदा मी गंमतीनं म्हटलं, माझ्या छातीला लाव बघू. लावलास. म्हणालास, "तुझ्या आत नुसता राग आवाज करतो मास्तर, बाकी ठीक आहे." स्वतःला कधी लावून पाहिलास का रे? हे मी रागानंच विचारतोय, तू म्हणायचास त्या रागानं.

माझी शुगर निघाली तेव्हा घरात सगळ्यांनी मला काचेच्या भांड्यासारखं वागवायला सुरुवात केली. तू मात्र जुनी सायकल खोलून, मागचं चाक स्वतः बांधून, गिअर बसवून माझ्या दारात उभी केलीस. "गोळ्या खा, पण चाकं पण फिरव." सतरा वर्षं झाली त्याला. पहिल्या वर्षी मी चांदनी स्टेशनपर्यंत गेलो आणि तिथल्या बाकावर आडवा पडलो. तू चहा पिऊन झाल्यावर म्हणालास, हा तर सपाट होता, खरा रस्ता पुढे आहे.

खरा रस्ता म्हणजे चांदनीच्या पुढे डावीकडे फुटणारा, वरच्या पठाराकडे जाणारा तो मुरमाचा चढ. पावसाळ्यात तो रस्ता राहतच नाही, ओढा होतो. पाऊस गेला की खाली उरतात चाकोरीएवढे खोल चर, सुटे गोटे आणि वर मुरूम पसरलेला, पाय ठेवला तरी सरकणारा. दिवाळीनंतर ट्रॅक्टरनं कोणी तो सारखा करेपर्यंत जीप चढत नाही. रपट्यावरून, म्हणजे ओढ्यातल्या बुटक्या फरशीपुलावरून, अजून घोटाभर पाणी वाहत असतं, सायकल खांद्यावर घेऊन जायचं. दोन्ही बाजूंना गवत माणसाच्या उंचीचं. तुला नेमका तेव्हाच तो रस्ता आवडायचा. दिवाळीनंतर काय, कोणीही जातं, म्हणायचास.

आणि तेव्हाच जायला तुझ्याकडे कारणही होतं. दसऱ्याचं सोनं. बाजारात आदल्या दिवसापासून पानांचे ढीग लागतात आणि त्यात निम्मी पानं कांचनाची असतात. लोकांना फरक कळत नाही. दोन्ही पानं सारखीच जोडलेली दिसतात. आपट्याचं लहान, जाड, हाताला खरबरीत लागणारं, आणि कांचनाचं मोठं, मऊ, दिसायला उलट जास्त छान. तू दरवर्षी एका तरी विकणाऱ्याशी भांडायचास. "अरे भैया, ये कचनार है, सोना नहीं है, लोगों को क्यों फँसा रहा है?" तो म्हणायचा, साहब, लेना हो तो लो. तू घ्यायचा नाहीस. खालच्या डोंगरातले आपटे विकणाऱ्यांनी ओरबाडलेले असायचे, म्हणून आपण वर पठारावर जायचो. तिथेही तुझा कायदा: फांदी मोडायची नाही, एकेक पान खुडायचं. कापडी पिशवी भरायला तास लागायचा. त्या एका पिशवीत आपली अख्खी गल्ली दसरा करायची.

दुसरा कायदा चढाचा. चढावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. यात कठोरपणा काही नव्हता. सुट्या मुरमावर एकदा पाय टेकला की परत पायडल मारायला जावं तर मागचं चाक जागेवर फिरतं, सायकल पुढे जात नाही, मग ढकलतच न्यावी लागते. म्हणून ज्याचा दम त्याच्या जवळ, भेटायचं वर. "बसून मार मास्तर, उभा नको राहू, चाक घसरेल," हे तू पुढून ओरडायचास आणि मग वळणाआड दिसेनासा व्हायचास. सतरा वर्षं मी तुझी पाठच पाहत चढलो. वर पोचायचो तेव्हा तू शर्ट काढून झाडाला टांगलेला, पानं खुडायला सुरुवात झालेली, आणि एक ठरलेलं वाक्य तयार: "आले का मास्तर? मला वाटलं दिवाळीला येता."

यंदा तिसऱ्या वळणावर तू माझ्या मागे पडलास. आधी मला कळलंच नाही. तुझा श्वास ऐकू येत होता, जरा वेगळा, मध्येच अडकल्यासारखा, हे आता आठवतं की आता मी ते पदरचं घालतोय, देव जाणे. मग तू म्हणालास, "मास्तर, तू चल ना यार पुढे. मी येऊन राहिलो मागून." असं तू कधीच म्हणाला नव्हतास. मी मान वळवून पाहिलं. तू एक पाय टेकून उभा होतास, हात हँडलवर, आणि हसत होतास. मी काय केलं सांगू? तुला माहीतच आहे. मी पायडल मारत राहिलो. कायदा होता म्हणून नाही मुकुंदा. मला आनंद झाला म्हणून. सतरा वर्षांत पहिल्यांदा तू मागे होतास आणि मी पुढे. छपन्न वर्षांचा, शुगरचा पेशंट, मी त्या चढावर पोरासारखा खूश झालो होतो. उरलेली चार वळणं मी कशी चढलो मला कळलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, वर जाऊन शर्ट झाडाला टांगायचा आणि तू आलास की तुझंच वाक्य तुला ऐकवायचं.

शर्ट टांगला. वाक्य घोळवत बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. पिशवी तुझ्या कॅरिअरला होती, म्हणून वेळ घालवायला दोन मुठी पानं खुडून रुमालात बांधली. दीड तासानं मला काळजी वाटायला लागली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मला राग आला. टायर फुटला असेल तर ढकलत ये ना. माझा एवढा मोठा दिवस, आणि बघायला कोणी नाही.

उतरलो तर तू पार खाली, वनविभागाच्या नाक्यावर, बाकावर पाय पसरून बसलेला. पिशवी भरलेली. मी आत हात घातला. मऊ, मोठी मोठी पानं. नाक्याच्या अंगणातल्या झाडांचं कांचन. मी जे बोललो ते शब्दन् शब्द मला पाठ आहे आणि ते इथे लिहितो, म्हणजे निदान कुठेतरी माझ्या नावावर राहील. मी म्हणालो, "दरवर्षी बाजारात भांडतोस आणि आज गल्लीभर कांचन वाटणार? लाज नाही वाटत? होत नाही तर होत नाही म्हणून सांग ना. पुढच्या वर्षीपासून येऊच नकोस."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "बरं. नाही येणार." आणि हसलास. थोड्या वेळानं विचारलंस, "तू वरून आणली काय थोडी?" मी नाही म्हणालो. रुमाल माझ्या खिशात होता.

परत येताना मी मुद्दाम पुढे गेलो. मागे वळून पाहिलं नाही, पण तुझ्या चेनचा आवाज येतोय ना एवढं ऐकत होतो. गावात शिरताना तू जवळ आलास आणि ते म्हणालास, घरी नको सांगू. मी म्हणालो, मी कशाला सांगू, तुझं तू बघ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू नेहमीसारखा दारोदार फिरलास. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. समोरचे काका म्हणाले, यंदा पानं मोठी मोठी आली रे मुकुंदा. तू म्हणालास, पाऊस चांगला झाला ना काका. मी आमच्या ओट्यावर उभा राहून हे ऐकत होतो आणि माझं तोंड आणखी वाकडं होत होतं. माझ्या हातात पान ठेवलंस. दरवर्षी आपण मिठी मारतो. यंदा मी पान घेतलं आणि आत गेलो. त्यानंतर अकरा दिवसांत तुझ्या दुकानावरून दोनदा गेलो. एकदा तू पेचकस कानाला लावून बसला होतास. तू डोळे उघडलेस, हात वर केलास. मी घाईत असल्याचं दाखवलं. शाळा तर सुटलेली होती. कसली घाई होती मला?

बाकीचं काय सांगू. बाजूच्या दुकानदाराचा फोन आला, मी पोचलो तोपर्यंत संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. यंदाची दिवाळी आपल्या दोन्ही घरांत झाली नाही.

तेराव्यानंतर मला चैन पडेना. लोक म्हणत होते, अहो, परवापरवा डोंगर चढून आलेला गडी. ताई ते ऐकायच्या आणि मग मला तो प्रश्न विचारायच्या. मग एका रविवारी सकाळी मी एकटाच निघालो. चढायचं नव्हतं. नाक्यापर्यंतच गेलो. तिथला नाकेदार म्हातारा आहे, आपल्याला ओळखतो. तू गेल्याचं मी सांगितलं. त्यानं बाकाकडे बोट दाखवलं. "भैया यहीं बैठे थे. पसीना बहुत आ रहा था, हाथ मल रहे थे. हमने पानी दिया. हमने कहा, ऊपर जाके मास्टरजी को बुला लाते हैं. तो बोले, नहीं नहीं, सत्रह साल में पहली बार आगे गया है, उसका चढ़ाव खराब मत करो."

मी त्या बाकावर बसलो. नाकेदार पुढे सांगत होता. थोडं बरं वाटल्यावर तू उठलास, त्याच्या अंगणातल्या कांचनाखाली गेलास. त्यानं फांदी वाकवून मोडायला घेतली तर त्याला रागावलास आणि एकेक पान खुडून पिशवी भरलीस. चुकीच्या झाडाची पानं, पण कायद्यानं खुडलेली. हे ऐकून हसावं की रडावं मला समजेना. मी दोन्ही करून पाहिलं, जमलं नाही.

तर छातीचं होतं. एवढं कळलं. आणि हेही कळलं की तू मला वर जाऊ दिलंस. मुकुंदा, तुला कोणी सांगितलं होतं एवढं मोठं मन करायला? माझा चढ खराब झाला असता तर काय बिघडलं असतं? आपण दोघं खाली आलो असतो, टेम्पोत सायकली टाकल्या असत्या, तुला दवाखान्यात नेलं असतं, मी आयुष्यभर तुला चिडवलं असतं. आणि मग लगेच मला दुसरं वाटतं, की मी तर आपण होऊन पुढे गेलो, तू जाऊ दिलंस हा नंतरचा भाग. तुझे आभार मानू की तुझ्यावर चिडू, रोज सकाळी वेगळं ठरतं. आभार मानायला बसलो की राग येतो आणि रागावलो की तू बाकावर हात चोळत बसलेला दिसतोस.

त्याच दिवशी परत येता येता ठरवलं, ताईंना सांगायचं. शब्द मोडला तर मोडला. तसाच घामेजलेला तुझ्या घरी गेलो. ताईंनी पाणी दिलं. सायकल दाराशी पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मास्तर, तुम्ही परत त्या रस्त्यानं गेले होते काय?"

मी म्हटलं, ताई, मला काही सांगायचंय. त्या दिवसाबद्दल.

"मला माहीत आहे ना," त्या म्हणाल्या. "तुमचं वर जाणं झालंच नव्हतं."

पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला.

"जसोंडीची पोरगी आहे मी मास्तर. मला पान नाही समजत काय? यांनी पिशवी ठेवली अन् मी हात घातला. म्हटलं, हे तर कांचन आहे, आपटा कुठंय? तर बसले खाली. म्हणाले, लता, काय सांगू, मास्तरची तब्येत बिघडली रस्त्यात. तिसऱ्या वळणावर छाती जड झाली त्याची. डावा हात दुखून राहिला होता, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. चढ सोडून नाक्यावर बसवलं त्याला. म्हणाले, सुनीताला सांगू नको, घाबरून जाईल. मास्तरला पण काही बोलू नको, त्याला शरम वाटेल."

मी बाहीनं कपाळावरचा घाम पुसला.

"मी म्हटलं, अहो, मग डॉक्टरला दाखवा त्यांना. लगेच दाखवा. तर म्हणाले, हो, दिवाळी झाली की मी नेतो ना त्याला." ताईंनी पदर सारखा केला. "म्हणून मी सारखं विचारते मास्तर. ते तर चांगले होते ना तेव्हा? तुम्हाला धरून खाली आणलं त्यांनी, त्याची धावपळ तर नाही झाली ना त्यांना? मी मनात काही नाही धरलं तुमच्याबद्दल. आपलं विचारते."

मुकुंदा, तू सगळं सांगितलं होतंस. छाती, हात, घाम, अंधारी. तुझ्या बायकोपासून तू काही लपवलं नाहीस, फक्त वर माझं नाव लावलंस. दिवाळीनंतर तू कोणाला नेणार होतास? खरंच जाणार होतास का? आणि हे सगळं का बोलावं लागलं, तर त्यांच्या हातात कांचन पडलं म्हणून. माझ्या खिशातला रुमाल मी तुला दिला असता तर वरची चार पानं ताईंच्या हातात पडली असती आणि त्यांनी काही विचारलं नसतं. म्हणजे तुझं खोटं माझ्यामुळे. पण मग त्या खोट्यातूनच तर खरं बाहेर आलं. मग रुमाल दिला नाही ते चांगलं झालं की वाईट? मी फळ्यासमोर उभा आहे आणि गणित पुढे सरकत नाही.

ताई उत्तराची वाट बघत होत्या. मी खरं सांगितलं तर त्यांना काय मिळणार होतं? नवऱ्यानं सगळी लक्षणं समोर बसून सांगितली आणि आपण साडूला दाखवा म्हणून मोकळ्या झालो, हे. ते घेऊन त्या किती वर्षं जगल्या असत्या? आणि नाही सांगितलं, तर तुझ्या शेवटच्या चढाला आडवा आलेला माणूस म्हणून मी त्यांच्या मनात राहणार होतो. आयुष्यात एकदा मी तुझ्या पुढे गेलो होतो. नाकेदार सोडला तर ते जगात फक्त आपल्या दोघांना माहीत होतं, त्यातला एक गेला.

"हो ताई," मी म्हटलं. "मला दम लागला होता. तो एकदम चांगला होता. धावपळ काही झाली नाही, मी आपला चालत खाली आलो."

ताईंनी मान हलवली. मग उठून आत गेल्या आणि थेट सुनीताला फोन लावला. तुला दिलेला शब्द त्यांनी तेवढ्यापुरता मोडला. घरी गेलो तर सुनीता दारात कमरेवर हात ठेवून उभी. "छातीत दुखलं अन् मला सांगितलं नाही? बहिणीला माहीत, मला नाही? तुम्ही दोघं साडू म्हणजे ना!" पुढचं तू कल्पना करू शकतोस. तिला तरी खरं सांगावं असं दोनदा तोंडाशी आलं. पण सुनीताच्या पोटात गेलेली गोष्ट ताईंच्या कानात जायला दुपार पुरते. गप्प बसलो.

काल दोघी मला घेऊन हार्टच्या डॉक्टरकडे गेल्या. ताई तेराव्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. मी म्हणत होतो, तुम्ही कशाला, तर म्हणाल्या, "यांनी न्यायचं म्हटलं होतं ना. आता ते नाहीत तर मी नेते." छातीला वायरी चिकटवल्या आणि मला त्या सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. दर थोड्या वेळानं पट्टा चढ घेतो. मशीनवरची मुलगी विचारत होती, अंकल, कुछ हो रहा है? मी म्हटलं, नाही. पट्टा आणखी वर. कुछ तकलीफ? नाही. खरंच काही होत नव्हतं. घोट्यापासून डोक्यापर्यंत मला काहीही होत नव्हतं, आणि मला त्याची एवढी शरम वाटली की पट्टा थांबला तरी मी खाली मान घालून उभा राहिलो.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "मास्टरजी, ये तो एकदम फर्स्ट क्लास है. किसने कहा आपको तकलीफ है?" मी ताईंकडे बघायचं टाळलं. ताई पुढे आल्या, तो कागद हातात घेतला. त्यावरच्या रेघा त्यांना कळत नाहीत, मलाही कळत नाहीत. "पक्का ना डॉक्टरसाहेब? काही नाही ना निघालं?" असं त्यांनी तीनदा विचारलं. डॉक्टर तीनदा नाही म्हणाले.

तुला दुकानातून घरी आणलं तेव्हा ताई रडल्या नव्हत्या. राजघाटावर सगळे रडले, त्या उभ्या होत्या. तेराव्याला बायका त्यांना रडवायचा प्रयत्न करत होत्या, तरी नाही. काल त्या दवाखान्याच्या बाकावर माझा कागद छातीशी धरून ताई रडल्या. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता, आजूबाजूचे पेशंट बघत राहिले. सुनीतानं त्यांना धरलं. बऱ्याच वेळानं त्या सुनीताला म्हणाल्या, "बरं झालं बाई. वेळेवर दाखवलं."

मी शर्टाची बटणं लावत बाजूला उभा होतो. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते काढून परत लावलं. मग रिक्षा बघायला बाहेर आलो.